पूजा तिची, पळणं माझं

मी सरावाची जोडी बोलतेय. स्कीची. डावी आणि उजवी मिळून आम्ही दोघी, पण आमचं मत कधी वेगळं पडलेलं नाही, तेव्हा 'मी' म्हटलं तरी भागतं. राहायला लंडनच्या उत्तरेला, स्टॅनमोरच्या एका गॅरेजमध्ये. निदान आज सकाळपर्यंत तरी. एका बाजूला गवत कापायचं मशीन, दुसऱ्या बाजूला दिवाळीच्या माळांचा खोका. शेजार वाईट नाही.

लपवून काय ठेवायचं, मी जळकी आहे. माझी एक जुळी बहीण आहे, रेसची जोडी. तिचं नाव निघालं तरी माझ्या पोटात दुखतं. ती असते हॉलमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसमोर, आणि मी गॅरेजात. असं का झालं ते ऐका, आणि मग सांगा मी उगाच जळते का.

आमचा जन्म ऑस्ट्रियातल्या एका डोंगराखालच्या कारखान्यातला. लाकडाचा गाभा, त्यावर धातूचा पातळ पत्रा, खाली काळाभोर गुळगुळीत तळ, दोन्ही बाजूंना पोलादी कडा, आणि वर निळा रंग. हे सगळं गरम प्रेसमध्ये दाबून आधी मला बाहेर काढलं आणि मग तिला. म्हणजे थोरली मी. लांबी तीच, वजन तेच, तोंडावळा तोच. एका खोक्यातून आम्ही इंग्लंडला आलो तेव्हा आमच्यात भांडायला काहीसुद्धा नव्हतं.

आमची मालकीण अन्वी. तेव्हा पंधरा वर्षांची होती, आता अठराची आहे. तिचा बाबा नकुल पुण्याचा, लंडनमधल्या बँकेत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याने लग्नापर्यंत बर्फ पाहिला होता तो फ्रीजरमधला. आई अर्चना हॉस्पिटलात एक्स-रे काढते, त्यामुळे स्की म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर आधी मोडलेली हाडं येतात. आणि नकुलची आई, श्यामलाआजी, घराची खरी सूत्रं जिच्या हातात. अशा घरातली पोरगी एका मैत्रिणीच्या बर्थडे पार्टीला स्की करायला गेली आणि परत आली ती रेसर व्हायचं ठरवूनच. घरच्यांना वाटलं, जाईल हे खूळ. ते काही गेलं नाही.

तिचा कोच रॉरी नावाचा एक लालबुंद स्कॉटिश माणूस. त्याने नकुलला सांगितलं होतं, दोन जोड्या लागतात, एक सरावाची आणि एक रेसची, आणि रेसची जोडी एरवी वापरायची नाही. म्हणून आम्ही दोघी. स्वयंपाकघरात जमिनीवर आम्हाला शेजारी-शेजारी ठेवलं होतं आणि नकुल लाल टेपचं बंडल हातात घेऊन उभा होता.

"दोन्ही एक्झॅक्टली सेम आहेत. रेसची कुठली ठेवू?"

"सेम आहेत तर कुठलीही ठेव ना," अर्चना पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

त्याने खाली वाकून जी हाताजवळ होती तिला टेप लावली. झालं. ती त्याच्या हाताजवळ होती, एवढंच तिचं कर्तृत्व. पुढे तीन वर्षं मी त्या लाल टेपकडे बघत आले आहे.

तिला मऊ अस्तराची बॅग मिळाली. मला मिळाला प्लॅस्टिकचा डोंगर. तुम्हाला ठाऊक नसेल, पण इंग्लंडमध्ये डोंगर थोडे आणि बर्फ त्याहून थोडा, म्हणून हे लोक टेकडीच्या उतारावर प्लॅस्टिकचे ब्रश अंथरतात, त्यावर पाणी मारतात आणि त्यालाच बर्फ समजून घसरतात. त्यावर पडलं की कातडी सोलून निघते आणि आमच्या कडा तापून बोथट होतात. पाऊस असो, थंडी असो, मंगळवार-गुरुवार शाळा सुटली की मी आणि अन्वी त्या ब्रशवर. शनिवारी इनडोअर सेंटरला, तिथे निदान मोठ्या फ्रीजसारख्या इमारतीत खरा बर्फ असतो.

अन्वीला कशानं भीती वाटते, डावीकडे वळताना ती कशी मागे बसते, म्हणजे वजन टाचांवर टाकते, गुडघा आत कसा पडतो, हे सगळं मला माहीत होतं, कारण ती पडायची ती माझ्यावरून. एकदा पाऊस मी म्हणत असताना ती सलग तीनदा पडली आणि ब्रशवर बसून रडली. आईला सांगितलं असतं तर स्की बंद झालं असतं, म्हणून गाडीत बसल्यावर बाबाला म्हणाली, "नथिंग, डोळ्यात पाणी गेलं." मी डिकीत होते. मला खरं माहीत होतं आणि माझ्या बहिणीला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती घरी अस्तरात झोपलेली होती.

दर रविवारी दुपारी गॅरेजमध्ये इस्त्रीचा कार्यक्रम असे. तळाला मेण असलं की स्की बर्फावर वेगात घसरते, आणि ते कसं लावायचं हे नकुलने व्हिडिओ बघून बघून शिकून घेतलं होतं. स्की दोन चिमट्यांत उताणी पकडायची, गरम इस्त्रीवर मेणाची वडी टेकवून तळावर थेंब पाडायचे, मग इस्त्रीने ते पसरायचं, गार झालं की खरवडून काढायचं आणि ब्रशने चकाकी आणायची. बहिणीसाठी हे सगळं तब्येतीत चाले, गाणं गुणगुणत. इस्त्रीला उरलेलं मेण चिकटलेलं असायचं, ते पुसायला म्हणून माझ्यावरून एक हात फिरायचा.

आजी दारात उभी राहून बघायची. "नकुल, स्वतःच्या शर्टाला कधी अशी इस्त्री केली नाहीस हो."

"शर्टाला टायमिंग नसतं, आई."

"मग ह्या दुसरीला का नाही करत नीट?"

"ती ट्रेनिंगची आहे. तिला चालतं."

तिला चालतं. हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकलेत की नंतर नंतर राग येणंसुद्धा थांबायला हवं होतं. ते काही थांबलं नाही.

आणि मग ते फोटो. ह्या रेसिंगवाल्यांमध्ये एक पद्धत आहे. रेस झाली की खेळाडूनं पायातली स्की काढून हातात उभी धरायची आणि मग फोटो काढायचा. कुठल्याही स्पर्धेचा फोटो बघा, माणसाच्या चेहऱ्याशेजारी स्कीचा चेहरा असतो. अन्वीच्या प्रत्येक फोटोत माझी बहीण आहे. जिन्यापाशी लावलेल्या सगळ्या फोटोंत तिचा निळा गाल अन्वीच्या गालाला लागलेला. मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: असा एक फोटो. जास्त नाही, एक.

आता गेल्या ऑक्टोबरचं सांगते. त्याच्या आदल्या वर्षी राष्ट्रीय संघात निवड व्हायची ती अन्वीची थोडक्यात हुकली होती. (पायात बहीण होती, मी नव्हते. उगाच आठवलं म्हणून सांगितलं.) ए-लेव्हल्स, म्हणजे इथली बारावी, झाल्या होत्या, युनिव्हर्सिटीचा प्रवेश तिने एक वर्ष पुढे ढकलला होता, आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचं एक ठरलं होतं.

"लास्ट ट्राय हं, अन्वी," अर्चना म्हणाली होती. "ह्या वेळी सिलेक्शन नाही झालं तर रेसिंग बंद. आणि नो ड्रामा."

"नो ड्रामा, आई. प्रॉमिस."

निवडीची रेस होती यॉर्कशायरकडच्या एका इनडोअर सेंटरला, रविवारी. पहिल्या दोघींना संघात जागा. शुक्रवारी नकुलने सुट्टी घेऊन बहिणीच्या तळावर असं काम केलं की त्यात तोंड बघावं. मग तिला बॅगेत घालून ठेवली. मला फक्त कडांना कानस मारून मिळाली, कारण रेसच्या आधी अंग मोकळं करायला म्हणून मी बरोबर जाणार होते.

मधला शनिवार दसऱ्याचा होता. अर्चना ड्यूटीवर, नकुल श्रीखंड आणायला बसने केंटनला, अन्वी अजून अंथरुणात. आजी पूजेचं ताट घेऊन गॅरेजमध्ये आली. आत नकुलच्या लॅपटॉपची पूजा झाली होती, अर्चनाच्या हॉस्पिटलच्या बॅजची ती निघायच्या आधीच झाली होती, दारातल्या गाडीलाही हार घातला होता. आता ती आमच्यासमोर उभी राहिली. मी उघडीच होते. बहीण बॅगेत. मला वाटलं, ह्या वेळी तरी.

"पोर उद्या लढायला जाणार, तिचं शस्त्र पुजायला नको?" ती स्वतःशीच म्हणाली, आणि बॅगेची चेन उघडली.

नकुल करतो तशीच तिने बहिणीला चिमट्यांत उताणी पकडली. इथे स्वस्तिक काढायचं नाही, लोकांचा गैरसमज होतो, हे आजीला फार पूर्वीच सांगून झालेलं आहे, म्हणून ती दोन्ही तळांवर 'श्री' काढणार होती. पण ताज्या मेणावर कुंकू धरेना. बोट फिरवलं की ओघळायचं.

"अगं बाई, धरतच नाही हे."

आजी काही हार मानणारी नाही. ती आत गेली, भांडी घासायची हिरवी घासणी घेऊन आली आणि दोन्ही तळ तिने टोकापासून टोकापर्यंत खसाखसा खरवडले. मग कुंकू खोबरेल तेलात कालवलं. आता छान धरलं. 'श्री' काढला, खाली हळदीकुंकवाची बोटं ओढली, अक्षता वाहिल्या, हॅरोच्या दुकानातून आणलेली झेंडूची फुलं ठेवली. हात जोडले आणि डोळे मिटून पुष्कळ वेळ उभी राहिली. नंतर फुलं उचलली, बहिणीला फडक्यात गुंडाळून जशीच्या तशी बॅगेत घातली आणि चेन लावली.

तिथे केवढं नुकसान झालं हे खरं तर माझ्याइतकं कोणाला कळायला हवं होतं. पण खरं सांगू? मला ते दिसलंच नाही. मला फक्त झेंडू दिसला. मला हळदीचं एक बोटसुद्धा लागलं नाही, एवढंच मनात घेऊन मी रात्रभर कुढत राहिले.

रविवारी सेंटरवर अन्वीने माझ्यावर दोन फेऱ्या मारल्या. चांगल्या मारल्या. मग नेहमीप्रमाणे बूट पकडून ठेवणारे माझे बाइंडिंग सोडले, मला भिंतीला टेकवलं आणि हात पुढे केला. नकुलने बॅग उघडून फडकं काढलं. काळ्या तळावर लाल 'श्री', त्याखाली पिवळी-लाल बोटं, आणि कडेला चिकटलेले दोन तांदळाचे दाणे.

रॉरीने अंगठा फिरवला. घासणीचे ओरखडे त्याच्या नखाला लागत होते आणि अंगठा तेलाने माखला. हे कोणी केलं, असं त्याने विचारलं. नकुल म्हणाला, "माय मदर. इट्स अ ब्लेसिंग." रॉरीने टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला की ब्लेसिंग फार सुंदर आहे, पण ह्याच्यावरून ती खाली पोचायला उद्या उजाडेल. नवीन मेण लावायला वेळ नव्हता. रेस सुरू होत आली होती.

"बाबा, आजीने केला हे?" अन्वीने विचारलं. तिचं मराठी असंच आहे, सगळ्यांना पुल्लिंगाच्या एकाच मापानं मोजतं.

"हो गं. काल. मी चेक करायला हवं होतं."

तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं आता ही रडणार. ती भिंतीकडे वळली आणि तिची नजर माझ्यावर थांबली.

"ट्रेनिंगवाला दे मला," ती म्हणाली. "आणि बाबा, आजीला नको सांगू. तिला फील होईल."

नकुलने मला गुडघ्यांवर आडवं घेतलं. कडांवरून कानस, तळावर खिशातल्या वडीचं मेण नुसतंच घासून, मग जॅकेटच्या बाहीनं चकाकी. तो 'सॉरी, सॉरी' म्हणत होता, मला की अन्वीला कोण जाणे. तीन वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याकडे नीट बघत होता.

मग आम्ही वर गेलो.

रेस म्हणजे काय हे मी तोवर ऐकूनच होते. उतारावर लाल-निळे खांब, त्यांच्यातून नागमोडी जायचं, दोन फेऱ्या, दोन्हींची वेळ मिळून निकाल. पहिल्या फेरीत अन्वी घाबरलेली होती, मी त्याहून जास्त. आम्ही चौथ्या आलो. खाली रॉरी तिला फार काही बोलला नाही. फक्त म्हणाला, मंगळवारचा डोंगर समज आणि ये.

दुसऱ्या फेरीला ती वर सुटायच्या फाटकात उभी राहिली तेव्हा तिचे पाय मला ओळखीचे वाटले. मंगळवार-गुरुवारचे पाय. तिथून पुढे फार काही आठवत नाही, एक वळण सोडून. अर्ध्यावर एक अवघड डावा खांब होता, आणि नेहमीप्रमाणे ती मागे बसायला लागली. त्या वळणावर आम्ही शंभरदा पडलो होतो. माझी कड बर्फात रुतली आणि मी ती सोडली नाही. मी तापले, कापले, पण सोडली नाही. ती सावरली, पुढे झुकली, आणि आम्ही खाली.

बोर्डावर तिचं नाव दुसरं आलं. म्हणजे संघात जागा.

ती ओरडली नाही. बर्फातच गुडघ्यांवर बसली आणि माझ्या टोकांवर दोन्ही हात ठेवून राहिली. नकुल कठड्यावरून उडी मारून आत आला, त्याला तिथे यायला परवानगी नव्हती. त्या क्षणी मला कोणाचाच हेवा वाटत नव्हता. असं मला पहिल्यांदाच झालं.

अन्वीने बाइंडिंग सोडले, मला उभं धरलं, गालाशी घेतलं. फोटोवाला समोर आला. आणि नकुलचा फोन वाजला. व्हिडिओवर आजी, मागे अर्चना.

"झालं का गं सिलेक्शन?"

"झालं, आजी."

आजीने पदर डोळ्यांना लावला. मग विचारलं, "माझ्या पूजेच्याच ना गं त्या? त्याच घातल्या होत्यास ना?"

अन्वीने बाबाकडे बघितलं. बाबाने खाली बर्फाकडे बघितलं.

"हो, आजी," ती म्हणाली. "त्याच."

"दाखव बघू. माझं कुंकू आहे का अजून?"

अन्वीने मला नकुलच्या हातात दिलं आणि भिंतीपाशी जाऊन बहिणीला घेऊन आली. तिचा तळ पुढे करून, 'श्री' नीट दिसेल असा, गालाशी धरला. आजी तिकडून म्हणाली, "आता हस." ती हसली. फोटो निघाला.

मी नकुलच्या काखेत होते. फोटोच्या कडेला माझं एक टोक आलं होतं, ते नंतर फ्रेम करताना कापलं.

त्या दिवसापासून बहीण हॉलमध्ये भिंतीवर आहे. कुंकू पुसायचं नाही अशी आजीची सक्त ताकीद. पाहुणे आले की आजी गोष्ट सांगते, पूजेच्या स्कीवर नात कशी जिंकली, आणि पाहुणे हात जोडतात. गॅरेजचं दार पातळ आहे, मला शब्द न् शब्द ऐकू येतो. नोव्हेंबरात संघाकडून अन्वीला नवी कोरी लाल रेसची जोडी मिळाली, सवय व्हावी म्हणून काही दिवस तिच्यावरच सराव सुरू झाला, आणि मला कोणी बाहेर काढेना. इस्त्रीसुद्धा थंड. मी धरून चालले की माझं संपलं. अन्वीवर मी रागावले नाही. आजीचं मन तिने राखलं, त्यात काय चुकलं? पण बहिणीवर मी इतकी जळत होते की गवत कापायच्या मशीनलाही धग लागली असेल.

आज सकाळी गॅरेजचं दार उघडलं. अन्वी आणि नकुल. दुपारचं विमान आहे. संघाबरोबर सगळा सीझन ऑस्ट्रियात.

"ट्रेनिंगसाठी आपापली जोडी न्यायची आहे ना?" नकुलने विचारलं. "नवीन घेऊ या का तिथे गेल्यावर?"

"नको. मला हाच पाहिजे." ती माझ्या कडेवरून बोट फिरवत होती. "ह्याच्यावरच जिंकले ना मी, बाबा."

ती हे फार हळू बोलली, आतमध्ये ऐकू जाऊ नये म्हणून. मला ऐकू आलं, पुरे झालं. नकुलने इस्त्री तापवली. टोकापासून टोकापर्यंत मेण, तब्येतीत, गुणगुणत. मग लांब बॅग आणायला तो मला घेऊन घरात आला. आता त्या बॅगेत मी हॉलमध्ये आहे, चेन अजून लावलेली नाही. अन्वी आजीच्या पाया पडतेय. समोर भिंतीवर बहीण.

मी तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बघते आहे. किती टोमणे तयार ठेवले होते मी. पण कुंकू बाहेरच्या बाजूला दिसावं म्हणून तिला तळ पुढे करून टांगली आहे, हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे तिचा तो निळा चेहरा, माझ्यासारखाच, भिंतीला लागला आहे. एवढे लोक येतात, हात जोडतात, फोटो काढतात, आणि तिला दिसतो फक्त रंगाचा हात दिलेला पांढरा भिंतीचा तुकडा. ऑक्टोबरपासून. आम्ही बर्फावर पळायला जन्मलो, दोघीही, एकाच प्रेसमधून. तिच्या चुकीनं काहीच झालेलं नाही. टेप लागली तीही नाही, घासणी लागली तीही नाही.

मला वाईट वाटलं. वाईट वाटल्याचा रागही आला, पण वाटलं हे खरं.

श्यामलाआजी, तुम्हाला माझं बोलणं ऐकू जात नाही, तरी एक विनंती करते. तुमचं कुंकू राहू द्या, गोष्टही सांगत राहा, मी ती खोडून काढणार नाही. फक्त माझ्या बहिणीला एकदा फिरवून टांगा. तोंड खोलीकडे येऊ द्या तिचं. खिडकी दिसेल, पाऊस दिसेल, अन्वी घरी आली की अन्वी दिसेल.

पण आत्ता नको. आधी माझी चेन लागू द्या, गाडी निघू द्या, विमान उडू द्या. मी चालले आहे डोंगरावर, अन्वीच्या पायांत, आणि तिने हे बघितलं तर ती जळेल. जळणं काय असतं ते मला विचारा.